मोटारीखालची घोंगडी

उमरग्यात महादेवीचं घर आणि कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगची मोटार यांच्यात एकच भिंत होती. मोटार सुरू झाली की भिंत थरथरायची, ती थरथर आढ्यावरून पाळण्यात उतरायची आणि तान्ही नीलम्मा दचकून उठायची. मग दिवसभर रडणं.

शेवटी लेकीला काखेत घेऊन महादेवी जिनिंगच्या महांतप्पा मिस्त्रीकडं गेली.

"मामा, लेकरू वाळायलंय माझं. काय तरी करा."

"अक्का, बोल्ट आवळून झाले, पट्टा सरळ केला. आता मोटारीखाली रबर पाहिजे, पण लढाईत रबर कुठलं? जाड घोंगडी असली तर तिचे तुकडे घड्या करून घालतो."

घरात घोंगडी एकच होती, तिच्या नवऱ्याची, सिद्धेश्वरची. पलटणीत जाताना तो ती खुंटीवर ठेवून गेला. वर्ष होत आलं, त्याची काही खबर नव्हती. घोंगडीला मात्र अजून त्याच्या अंगाचा, तंबाखूचा वास होता. महादेवीनं ती काढली, क्षणभर तोंडाशी धरली आणि मिस्त्रीला नेऊन दिली.

"मोटारीला थंडी वाजती म्हणायची!" मिस्त्री हसला. मग कात्री हातात घेऊन थबकला. "तुमचे धनी विचारतील की."

"आधी येऊ तर द्या त्यांना," ती म्हणाली.

दुपारी मोटार सुरू झाली. महादेवीनं भिंतीला तळवा लावला. थरथर जवळजवळ गेली होती, घरघर लांबून आल्यासारखी वाटत होती. नीलम्मा मुठी सैल सोडून झोपली. महादेवी पाळण्याची दोरी ओढत राहिली. झोक्याची आता गरज नव्हती, पण एवढ्या शांत घरात हात रिकामे ठेवून बसायचं कसं, ते तिला कळेना.