कमरेएवढं कुंपण

"कसं वाटलं सरप्राइज?" क्रॉपरबाईंनी कात्री नाचवत विचारलं, आणि जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

विल्फ टॅपसेल टॅक्सीतून उतरला तो जागीच थिजला. सकाळी लेकीला, मॉरीनला, इस्पितळात तपासणीला नेताना घरासमोरचं हिरवं कुंपण डोक्याच्या वर होतं. आता सगळ्या गल्लीसारखं कमरेएवढं.

"उद्या बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचेत. तुमच्या त्या जंगलापायी दोनदा गल्लीचा करंडक हुकला हो! म्हटलं, म्हातारपणी होत नसेल तुमच्याच्यानं. आभारबिभार मानू नका हं!"

विल्फने आभार मानले. करतो काय बापडा! लंडनच्या त्या उपनगरात शेजाऱ्याने गळा कापला तरी आधी आभार मानायची रीत.

मॉरीन चाळिशीची, पण समज चार वर्षांच्या पोरीची. हसली की लाळ गळायची. जुन्या गल्लीत पोरांनी तिला दगड मारले होते. इथे मागच्या अंगणात ऊन नव्हतं, म्हणून तिची खुर्ची पुढे, कुंपणाआड. ती कुणाच्या नजरेस पडू नये, एवढ्यासाठीच बापाने कात्री लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्याबसल्या तिला अख्खी गल्ली दिसली. दोन्ही हात हलवत ती ओरडली, "बाबा, माणसं! केवढी माणसं!"

विल्फला भरून आलं. उगाच कोंडलं मी पोरीला, असं वाटलं त्याला.

तेवढ्यात क्रॉपरबाई धावत आल्या. "अहो टॅपसेल, हिला जरा आत नेता का? ऊन लागेल बिचारीला."

"ऊन आवडतं तिला."

"परीक्षकांना नाही आवडायचं ना पण!"

विल्फ जागचा हलला नाही. परीक्षक आले, मॉरीनने त्यांना पापे उडवले. करंडक शेजारच्या गल्लीला गेला. त्या दिवसापासून समोरच्या खिडक्यांचे पडदे उघडले नाहीत.

रविवारी शेजारी वर्गणी काढून कुंपणालगत लावायला रोपं घेऊन आले. "झपाट्याने वाढतात हो," क्रॉपरबाई मातीकडे बघत म्हणाल्या, "दोन वर्षांत माणसाच्या वर."

आपल्यालाच भेट आलीय म्हणून मॉरीन टाळ्या वाजवत सुटली. विल्फला रोज वाटायचं, एकेक उपटून फेकावं. पण तिने आणणाऱ्यांचीच नावं रोपांना ठेवली होती. रोज सकाळी झारी घेऊन ती प्रत्येकापाशी थांबायची.

"क्रॉपरमावशी, पाणी पी. लवकर मोठी हो हं."

झारी रिकामी झाली की विल्फ भरून द्यायचा.