महेंद्रची नेमणूक

बालाघाटात बसून समुद्राचं काम! वॉर्डातल्या बायकांना हे समजावता समजावता संघमित्राच्या तोंडाला फेस आला होता. ती सांगे, प्रवाळ म्हणजे समुद्रात वाढणारा जीव. झाडासारखे त्याच्या दगडी अंगातही वर्षावर्षाचे थर पडतात, त्यावरून जुन्या काळी समुद्र किती तापला ते कळतं. बायका "हौ काय?" म्हणून पुन्हा भाजी निवडायला लागत. शेवटी तिनं सांगणंच सोडलं.

काम तर त्याहून किचकट. जगभरच्या लोकांनी प्रवाळाचे नमुने काढले, पण नोंदी ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहिल्या. कोणी प्रवाळाची खोली ओहोटीच्या पाण्यापासून मोजली, कोणी भरतीच्या. मग त्या जोडायच्या कशा, कपाळ? म्हणून सगळ्यांसाठी लिहिण्याची एकच रीत ठरवायला समिती बसली होती. समितीच्या बैठका कॉम्प्युटरवर होत, आणि संघमित्रा घरूनच त्यांत बसे. एक नियम तर तिनंच हट्टानं घालून घेतला होता. प्रत्येक नोंदीमागं शंकांना उत्तर देणारा जिवंत माणूस हवा, नाहीतर नोंद बाजूला.

आणि बाई स्वतःच त्यात अडकली. लक्षद्वीपचा एक सुरेख नमुना महेंद्रनं काढलेला. महेंद्र तिचा नवरा. तो काविळीनं गेला, तेव्हा ती गोवा सोडून सासूजवळ राहायला आली. त्या नमुन्याबद्दलच्या मेल मात्र त्याच्या नावानं येतच राहिल्या, आणि ती त्याच्याच पत्त्यावरून, त्याच्याच नावानं उत्तरं देत राहिली. लबाडीच ती, दुसरं काय! पण कोणीतरी अजून त्याला हाक मारतंय, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. सासू रुख्माबाईसुद्धा रोज विचारी, "आज त्याले कोनाचं आलं का वो?"

त्या दुपारच्या बैठकीत परदेशातल्या अध्यक्षबाई हसत म्हणाल्या, "खोली कशी लिहायची ते ठरवायला उपसमिती नेमू या. प्रमुख म्हणून महेंद्रच हवेत. त्यांच्याइतकी चटकन आणि नेटकी उत्तरं कोणीच देत नाही. संघमित्रा, ते तुमच्याच देशाचे. तुम्ही विचाराल का?"

सगळ्यांचे हात वर. घ्या! मेलेल्या माणसाची एकमतानं निवड.

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. किती मेल आल्या असत्या, किती हाका! पण ओहोटी की भरती, हे त्याच्या नावानं ती ठरवणार आणि जग ते त्याचं म्हणून वापरणार? महेंद्र आपल्या मापाला दुसऱ्याचा हात लागू देत नसे. तिला ते जमेना.

"महेंद्र वारले," ती म्हणाली. "माझे यजमान होते. उत्तरं मी देत होते."

अध्यक्षबाईंनी पडद्यावर त्या नमुन्याची नोंद उघडली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नमुना कोणी काढला, तिथं त्यांचंच नाव राहील. उत्तर कोण देणार, तिथं तुमचं घालू?"

"घाला," संघमित्रा म्हणाली. तिच्या देखत नाव बदललं.

ती बाहेर आली तर रुख्माबाई दाराशीच उभी. इंग्रजी बोलण्यातलं तिला एक नावच तेवढं कळलं होतं.

"महेंद्रचं नाव काहून घेऊन राह्यले होते ते लोक?"

"त्याले मोठं काम देऊन राह्यले होते, आई."

"मंग तू काय म्हनलं?"

"तो नाही आहे म्हनलं. आता माह्याच नावानं येईन सारं."

"त्याले कोनीच नाही लिव्हनार?"

"नाही, आई."

म्हातारी दारातच बसली आणि रडू लागली. एवढ्या दिवसांत ती सुनेसमोर एकदाही रडली नव्हती.

"मंग आता गेला म्हनाचं, बाई," ती म्हणाली, "माहा पोरगा."