स्पिरिटातलं बारसं

मी एक कोळीण बोलतेय. जाळं विणून सावज आयतं अडकायची वाट बघणाऱ्यांतली मी नव्हे. आम्ही उडी मारून शिकार करतो. दिंडोरीजवळ शेखररावांच्या द्राक्षबागेत मी जन्मले. मला आठ डोळे, त्यातले समोरचे दोन टपोरे, आणि त्यांचा मला भारी तोरा. माणसं बागेतसुद्धा मोबाइलमध्ये बघत चालायची, तेव्हा मला हसू यायचं.

तुडतुडे खाऊन मी मोठी झाले. पुढे पानामागे रेशमाची पिशवी विणून अंडी घातली आणि तिथेच राखण करत बसले. भूक लागली तरी हलले नाही.

मग तेजस्विनीताई आल्या. त्या नाशिकच्या एका कॉलेजात कोळ्यांचा अभ्यास करायच्या. आमच्या जातीला अजून शास्त्रीय नाव नव्हतं, आणि ते द्यायला त्यांना एक मादी हवी होती. वेलीचे जादा फुटवे खुडणाऱ्या मालनबाईंना त्या कौतुकाने सांगत होत्या, "मावशी, ट्रॉयचा लाकडी घोडा बनवणाऱ्या एपियसचं नाव आहे एका कोळ्याला!"

"मंग हिला काय ठिवणार?"

"निओबी. ग्रीक पुराणातली आई. तिची सगळी लेकरं मारली गेली आणि रडून रडून तिचा दगड झाला. हीपण दगडासारखी करडी आहे ना!"

"असलं कशाला ठिवता ताई?"

ताईंनी बाटली पानाजवळ आणली आणि माझ्या त्या डोळ्यांनीच घात केला. काचेत एक कोळीण दिसली, माझ्या अंड्यांकडे रोखून बघणारी. मी तिच्यावर झेप घेतली. ती मीच होते. वरून बूच बसलं.

"ताई, पानामागं अंडी हायेत तिची!" मालनबाई ओरडल्या.

ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात फवारणीचा ट्रॅक्टर ओळीत शिरला.

"शेखरराव, एवढं एक झाड सोडा ना!"

"ब्लोअरला एक झाड सोडता येत नाय ताई. व्हा बाजूला, औषध लय कडक हाय."

सगळे पळाले. पान खुडून घ्यायचं त्या घाईत कुणालाच सुचलं नाही. बाटलीतून मी बघत होते. माझं पान औषधाच्या पांढऱ्या फवाऱ्यात बुडालं.

बांधावर ताईंनी बाटलीत स्पिरिट ओतलं.

"नाव ठिवायला मारावं लागतं व्हय?" मालनबाईंनी विचारलं.

"हो मावशी. नमुना जपून ठेवावाच लागतो."

"माझी पोर बारशाआधीच गेली. बिननावाचीच पुरली तिला."

मालनबाईंनी बाटली ओठांजवळ नेली, हलकेच 'कुर्र' केलं आणि माझं नाव घेतलं. अडखळतच घेतलं, पण तेवढ्या मायेने ते पुन्हा कुणी घेतलं नाही.

आता मी कॉलेजच्या कपाटात आहे. मुलं येतात, चिठ्ठीवरचं नाव वाचतात, त्याचा अर्थ विचारतात, फवारणीत गेलेल्या माझ्या अंड्यांची गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, अगदी शोभतं हो हिला. बाळांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, असं म्हणू नका. ताईंनी हे नाव निवडलं, तेव्हा माझी लेकरं जिवंत होती.