शेवटचं एक मिनिट

आमच्या घरात नियम आहे: मशीन चालू असेल तर माणूस घरात पाहिजे. माझ्या लग्नाआधी एकदा पाइप निसटून खालच्यांचं छत गळलं, तेव्हा सासऱ्यांनी हा नियम केला. माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. गेली चार वर्षं तो माणूस मीच आहे.

त्यामुळे कपडे धुवायला किती वेळ लागतो ते मला विचारा. मशीन दीड तास म्हणतं आणि दोन तास घेतं. शेवटचं एक मिनिट बारा मिनिटांचं असतं. ड्रायरचं तर बोलूच नका, जाड टॉवेल असले की अख्खी दुपार खातो.

त्या दिवशी अकराला मला शिवणाच्या दुकानात काम मागायला जायचं होतं. लग्नाआधी सहा वर्षं मी शिवणकाम केलं होतं, आणि हे काम मला हवंच होतं. मालकीणबाईंनी बजावलं होतं, उशीर झाला तर दुसरी बाई तयार आहे. म्हणून सातलाच मशीन लावलं. नऊला ते एक मिनिटावर आलं आणि मी अंघोळीला गेले.

तेवढ्यात सासूबाईंनी मशीन थांबवलं, त्यात पलंगपोस कोंबला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांना बिचाऱ्यांना मदतच करायची होती. साडेदहाला होतंय, मग जा, असं म्हणून त्या सासऱ्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्यासुद्धा.

साडेदहाला आकडा होता पस्तीस. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, बाबांना विचार. बाबांचं तोंड डॉक्टरांच्या ताब्यात होतं. चांगले कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन मी मशीनसमोर स्टुलावर बसले होते, आणि दाराला कुलूप नसताना कोंडल्यासारखी झाले होते. रागाने रडू आलं.

मग उठले, बटण बंद केलं आणि मागचा नळ घट्ट पिळला. साबणाच्या पाण्यात कपडे सोडून जायचं, असं या घरात कुणी केलं नव्हतं. पण मशीन आता चालू नव्हतं.

एक वाजता परतले तर सासूबाई माझ्या स्टुलावर बसलेल्या. काचेआड कपडे तसेच बुडालेले. आता माझी खैर नाही, असं वाटलं.

"बंद करून गेलीस?"

"हो. काम मिळालं. उद्यापासून दहा ते पाच."

त्यांनी काचेकडे पाहिलं.

"तू यायच्या आधी अकरा वर्षं मी बसायचे इथे," त्या म्हणाल्या. "माझ्या ताईला दवाखान्यात नेलं म्हणून फोन आला, तेव्हा एकच मिनिट राहिलं होतं. म्हटलं, होऊ दे. मी पोचले तोवर ती गेली होती. बंद करता येतं, हे डोक्यातच आलं नाही गं."

मी नळ सोडायला वाकले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी जेवून घे."