वरवरचा रस्सा

सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? दवाखान्यात मी डबा नेत होते, रात्रंदिवस उशाशी बसत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, आता माझ्या हातचं खायचंय तुम्हाला.

दहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या हातचं खात होते. धरणगावाहून लग्न होऊन मी सुरतेला आले ती लिंबायतच्या एका खोलीत. नवरा गोपाल आणि दीर भूपेंद्र, दोघेही कापडाच्या लूमवर कामाला. रविवारी कोंबडी शिजायची. शिजवायची मी, पण वाढायच्या सासूबाई, सुभद्राबाईच. पळी दुसऱ्या कुणाच्या हातात जायची नाही. आधी मुलगे, मग त्या, शेवटी सून, ही आमच्याकडची रीत. पातेल्यात पीस तळाला बसतात आणि रस्सा वर राहतो. मुलांना वाढताना त्यांची पळी खोल जायची, माझ्या वेळी वरच्या वर फिरायची. ताटात लाल रस्सा आणि दोन भाकरी. बघणाऱ्याला वाटावं, सुनेलाही कोंबडी मिळाली.

नेहाच्या वेळी मला सातवा लागला तेव्हा माझं रक्त सातवर आलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, हिला अंडी द्या, चिकन द्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भाकरम्हा काय कमी ताकद शे? मन्ही माय भाकरवरच जगनी." गोपाल जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

नेहा आठव्यातच झाली. दीड किलोची. बावीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मला दूध येत नव्हतं. आज ती तिसरीत आहे. शाळेच्या प्रार्थनेला सगळ्यात पुढे उभी असते, कारण रांग उंचीप्रमाणे लावतात. दरवर्षी तिच्या नव्या फ्रॉकला टीप घालून मी तो आखूड करते, आणि दरवर्षी मला ती पळी आठवते.

तर ऑपरेशन होऊन सासूबाईंना घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. गुजराती बाई, समजावून सांगायची हौस असलेल्या. "बा, एकला रोटलाथी नहीं चाले, प्रोटीन जोईए," असं म्हणून त्यांनी कागदावर दोन रकाने केले. एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम. शिजलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये पंचवीसच्या वर. म्हणजे तेवढ्यासाठी चार-पाच भाकरी खाव्या लागतील, आणि या वयात त्या जाणार कुठे? भाकरीनं पोट भरतं, चालायला जोर येतो, पण हाड आणि जखम भरायला दुसरं काही हवं. सासूबाई ऐकत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मी ठरवलं.

भूपेंद्रभाऊ एव्हाना वेगळे राहत होते. गोपाल रात्रपाळी करून सकाळी येताना आठवड्यातून तीनदा चिकन आणायचा. आणून झोपायचा तो माळ्यावर, दुपारी तीनपर्यंत. मी मन लावून शिजवायची. खोबरं भाजून, काळा मसाला घालून. मग पळी वरच्या वर फिरवून ताट सासूबाईंच्या खाटेवर ठेवायची. रस्सा आणि दोन भाकरी. पीस मी आणि नेहा खायचो, त्यांच्यासमोर बसून. नेहाला सांगितलं होतं, आजीला डॉक्टरांनी फक्त रस्सा सांगितलाय. पहिल्या दिवशी सासूबाईंनी ताटात बोट फिरवलं, तळापर्यंत. मग भाकरी कुस्करली आणि गप खाल्ली. मला इतकं बरं वाटलं की त्या दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवायचं माझं काम दुपटीनं झालं.

त्या एक शब्द बोलल्या असत्या, "चुकलं माझं" एवढं म्हणाल्या असत्या, तर मी पातेलंच पुढ्यात ठेवलं असतं. मला तेवढंच हवं होतं. पण त्या बोलल्या नाहीत आणि मीही थांबले नाही. महिना गेला, दीड महिना गेला.

तपासणीला नेलं तेव्हा जखम ओली होती. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. असंच राहिलं तर पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. आहारवाल्या बाईंना बोलावलं. गोपाल माझ्याकडे वळला. "मायले चिकन देस ना वं तू?" मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई बोलल्या.

"देस ना ती. मालेच जास नही. मीच नातले दी देस."

आहारवाल्या बाई त्यांनाच रागावल्या. गोपालही रागावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

गोपाल औषधं घ्यायला गेला आणि आम्ही दोघी रिक्षात बसून राहिलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी उपकार मागितले नव्हते. मी विचारलं, "आत्याबाई, खोटं का बोललात?"

"खरं सांगसू तं गोपाल तुले माहेर धाडी दी. मंग माले कोन उठाडी?"

म्हणजे दयामाया काही नव्हती. ते एक बरं झालं. मी म्हटलं, "आणि माझी पोर पेटीत होती, तेव्हा? तेव्हाही भाकरीत ताकद होती?"

रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "माले ठाऊक व्हतं. नर्सबाईनं सांगेल समदं माले समजेल व्हतं. कोंबडी एक व्हती, पोरे दोन व्हतात."

इतकी वर्षं मी समजत होते, अडाणी बाई आहे, हिला कळलं नसेल. ते कळलं होतं. कळूनच पळी वर फिरत होती. माझ्या पोरीची उंची त्यांनी मोजून मुलांच्या ताटात वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मी चिकन शिजवलं. पळी तळाला घातली आणि दोन्ही पाय आणि छातीचा मोठा तुकडा सासूबाईंच्या ताटात वाढला. त्या ताटाकडे बघून रडायला लागल्या. माफ केलं असं वाटलं असणार त्यांना.

"रडू नका, खा," मी म्हटलं. "रोज खायचं. हाड भरू द्या, पायावर उभ्या राहा. काल रिक्षात जे बोललात ते गोपालसमोर, भूपेंद्रभाऊंसमोर, नेहासमोर तुम्ही उभं राहून सांगणार आहात. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडून वदवून घेतलं असं मला कुणी म्हणायला नको."

त्यांचा हात ताटातच थांबला. मी खाटेजवळ पाट ओढला, आणि शेवटचं हाड स्वच्छ होईपर्यंत समोर बसून राहिले.