ऑर्डर वाढवायची

संकष्टीला मी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलत नाही. चौदा वर्षं झाली या नेमाला. वेबसाइट चालवायला ज्यांना शिकवते त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, त्या दिवशी फोन नको, मेसेज करा. भांडुपच्या शेवंतीताई तेव्हा हसल्या होत्या. "नावच अबोली, वर आणि मौन! बरा आसा, तुझ्या वाटचा मी बोलतंय."

शेवंतीताई उकडीचे मोदक करतात. त्या आणि सून अक्षता, एवढेच हात. दिवसाला तीनशे मोदक, पुढे जमत नाही. आणि एकदा घेतलेली ऑर्डर त्या रद्द करत नाहीत. देवाच्या नैवेद्याला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या साइटवर एक चौकट आहे, 'आज किती घ्यायचे'. आकडा पुरा झाला तरी पान आपणहून थांबत नाही, तिच्यात शून्य टाकलं की मगच ऑर्डर घेणं थांबवतं. शिकवताना नेमका तो भाग आला तेव्हा अक्षता दारावर आलेल्या नारळवाल्याकडे गेली होती. हरकत नाही म्हटलं, सगळ्या पायऱ्या मी वहीत लिहून देतेच. मग माझ्या पद्धतीप्रमाणे साइटवरून माझं नाव काढून टाकलं. ज्याचं घर त्याच्याकडे किल्ली.

अंगारकीच्या दिवशी पावणेअकराला मी पार्ल्याच्या घरी देवापुढे बसले होते, मनातल्या मनात आवर्तनं चालू होती. शेजारी फोन उजळला. अक्षताचा मेसेज.

'ताई, वही बघून केलं. तीनशे झाले, वाढवली! आता पाचशे.'

पाचशे?

मग आठवलं. सातवी पायरी, माझ्याच अक्षरात: 'तीनशे झाले की ऑर्डर वाढवायची.' आमच्याकडे चांगल्या कामाला बंद म्हणत नाहीत. दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. हात आपोआप तसंच लिहून गेला होता.

साइट उघडली. शिल्लक १७१. मी घाईघाईने लिहिलं, 'चौकटीत शून्य टाक, लगेच.' दोन राखाडी खुणा आल्या. निळ्या होईनात. दोघींचे हात उकडीत असणार. शिल्लक १६०. चंद्रोदयाला कुणाकुणाचं ताट रिकामं राहणार, आणि शेवंतीताई त्या दारांत कोणत्या तोंडाने उभ्या राहणार? माझं नाव मीच काढलेलं, आत जाता येईना. शिल्लक १५२.

शेवंतीताईंना फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. परत लावला.

"कोण? अबोली? आज तर तुझा मौन गो! काय झाला?"

समोर लॅपटॉपवर पान उघडं असणार; मागून अक्षताचा आनंदी आवाज, "आई, अजून आठ आले!"

"ऐकलंस? तुझी साइट झकास चालताहा!"

मी फोनवर नखाने टकटक केली. जोरात.

"नेटवर्क नाय वाटता. ठेवतंय हां."

"बंद," मी म्हणाले.

माझाच आवाज मला घोगरा वाटला.

"बंद करा, शेवंतीताई. शून्य टाका."

मग त्या ओरडल्या, "अक्षता! हात धुव नको, तशीच ये! बंद कर ता!"

शिल्लक १३८ वर आकडा थांबला. मग पान बदललं. 'आजचे मोदक संपले.'

म्हणजे बासष्ट जास्त. देवापुढे समई तेवत होती. मी तिच्याकडे न बघता उठले आणि भांडुपची रिक्षा केली.

अक्षता रडवेली झाली होती. "तुम्हीच लिहिलंय ना ताई, वाढवायची?"

"हो गं. माझंच चुकलं."

"शुभ लिवूक गेली," शेवंतीताई पारी दाबत म्हणाल्या, "नि आमची वाट लागली असती. बस खाली. कळ्या पाडूक येतत?"

येतात, पण माझ्या बाराच पडतात, त्यांच्या एकवीस. पहिले दोन त्यांनी मोडून परत केले. तिसरा हातात फिरवून बघितला आणि चाळणीत ठेवला. चारदा उकड काढली, दोनदा नारळ खवला. शेवटचा डबा दाराबाहेर गेला तेव्हा माझी बोटं पांढरी, मऊ पडली होती.

मी वही मागितली. सातवी पायरी खोडली. पेन टेकवलं, पण तो शब्द लिहायला हात धजेना.

"उद्या लिवलंस तरी चालात," शेवंतीताई हळूच म्हणाल्या. "आज अंगारकी."

"नको. उद्या पुन्हा हात तसाच लिहील."

मी 'बंद' लिहिलं, खाली रेघ ओढली. चंद्र उगवायला अजून तास होता.