फ्योर्डच्या पाण्याची चव

यज्ञेश्वर मास्तरांनी सोलापूरच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. नॉर्वेचा नकाशा ते फळ्यावर एका दमात काढत आणि किनाऱ्याच्या चिरांवर खडू टेकवून सांगत, “हे फ्योर्ड. डोंगरांच्या कुशीत शिरलेला समुद्र. पाणी खारट!” ते स्वतः मात्र मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी रुक्मिणीबाई वारल्या आणि मास्तरांचं बोलणंच आटलं. एडिंबरोला डॉक्टरकीचा पुढचा अभ्यास करणारी त्यांची मुलगी सरोजिनी हे ऐकून कासावीस झाली. तिने हट्टाने त्यांना बोलावून घेतलं आणि १९३४ च्या शरदात, रुग्णालयातून आठवड्याची रजा काढून, सरळ नॉर्वेला नेऊन तिथल्या एका टपालाच्या आगबोटीत बसवलं.

बोट लहान आणि कमालीची सावकाश. या काठावरून त्या काठावर, प्रत्येक गावच्या धक्क्याला टपाल उतरवत, सफरचंदांची खोकी चढवत ती फ्योर्डच्या आत आत शिरत होती. दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले कडे. त्यांच्या अंगावरची झाडं वाळल्या कडब्यासारखी पिवळी, मधूनच एखादं कुंकवासारखं लाल. वरून धबधबे तुटून पडत होते.

मास्तर पहाटेपासून कठड्याला चिकटून होते. धोतरावर ओव्हरकोट, कानटोपी आणि सगळ्यांवरून सोलापुरी चादर.

“अण्णा, आत चला. चहा घ्या,” सरोजिनी म्हणाली.

“चहा घरी रोज पितो की! तू ते बघ, सरू. तो डोंगर बर्फानं खरवडलाय. मी मुलांना हातवारे करून सांगायचो, आणि हा इथं खरंच उभा आहे!”

किती महिन्यांनी ते एवढं सलग बोलले होते. सरोजिनीने त्यांचा चहा स्वतःच पिऊन टाकला.

दुपारी बोट एका धक्क्याला लागली. इथे खोकी पुष्कळ होती, त्यामुळे पाय मोकळे करायला उतारू खाली उतरले. मास्तर प्रवासातला पितळी लोटा घेऊन थेट पाण्याशी वाकले. लोटा बुडवला, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं. आणि तसेच बसून राहिले.

“काय झालं?” सरोजिनी धावली.

“गोड आहे.”

“असं कसं?”

“तू चाख.”

तिने चाखलं. खरोखरच विहिरीच्या पाण्यासारखं होतं.

मास्तरांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी वर धबधब्यांकडे पाहिलं, खाली काळ्याशार पाण्याकडे पाहिलं आणि ते ताडकन उठले. “सरू! गोडं पाणी हलकं! ते वर तरंगत असणार. समुद्र खाली आहे, खाली! दोरी आण!”

खोकी चढवणाऱ्या एका दणकट बागवानाला सरोजिनीने खुणांनी दोरी मागितली. नील्स त्याचं नाव. हा म्हातारा काय करतोय ते कळेना, तरी त्याने दोरीचं भेंडोळं दिलं, वर एक बूचही शोधून दिलं. मास्तरांनी लोट्याला दोरी आणि दगड बांधला, त्याच्या तोंडात बूच ठोकलं, बुचाला वेगळी सुतळी लावली आणि लोटा पाण्यात सोडला. दोरी सरसरत खाली गेली. काठाशीच पाणी अथांग होतं.

एवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

“अण्णा, चला!”

“थांब गं!” त्यांनी सुतळीला हिसका दिला. बूच निघेना. पुन्हा हिसका. “निघालं! आता भरू दे.”

दुसरा भोंगा झाला. फळी ओढली गेली. सरोजिनीने हात हलवून आरडाओरडा केला, पण गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचं सामान घेऊन बोट धक्क्यापासून सुटली.

“अण्णा, बोट गेली!”

“जाऊ दे,” मास्तर दोरी ओढत म्हणाले. नील्सही त्यांच्यासोबत दोरी ओढू लागला. लोटा वर आला. मास्तरांनी घोट घेतला आणि तोंड असं वेडंवाकडं केलं की सरोजिनीला बोट सुटल्याचाही विसर पडला.

“खारट! सरू, खारट!”

नील्सने लोटा घेतला, चाखला, थुंकला आणि मोठ्याने हसला. “साल्ट!” तो म्हणाला. इंग्रजीतला तेवढा शब्द त्याच्या भाषेतही तोच निघाला. मास्तरांनी आनंदाने त्याला मिठी मारली.

मग नील्सने दूर जाणाऱ्या बोटीकडे बोट दाखवलं, पलीकडचा काठ दाखवला आणि दोघांना आपल्या छोट्या इंजिनाच्या होडीत बसवलं. मोठी बोट अजून दोन धक्के घेत वळसे मारणार होती. होडी सरळ पाणी कापत निघाली. फटफट आवाज करत ती कड्याला इतकी लगटून गेली की धबधब्याचे तुषार तिघांच्या अंगावर आले. सरोजिनीने होडीचा काठ घट्ट पकडला. मास्तर मात्र पुढे वाकून ओरडत होते, “अजून जोरात, नील्सराव! अजून जोरात!”

पलीकडच्या धक्क्यावर होडी पोचली तेव्हा बोट नुकतीच कड्याआडून बाहेर येत होती. नील्सने मास्तरांच्या चादरीत मावतील तेवढी होडीतली सफरचंदं ओतली, टोपी काढून मान लववली आणि तो परत फिरला.

बोटीवर चढताच मास्तरांनी भिजलेली कानटोपी पिळली आणि एक सफरचंद कचकन तोडलं.

“सरू, ही बोट पुढं कुठवर जाते?”

“आपण उद्या उतरणार आहोत, अण्णा. सोमवारी मला रुग्णालयात हजर व्हायचंय.”

“ते ठीक आहे. पण उत्तरेला याहून मोठे फ्योर्ड आहेत. मला तोंडपाठ आहेत.” आणि ते बोटांवर एकेकाची नावं घेऊ लागले.

सरोजिनी ऐकत राहिली. मग पुढच्या धक्क्यावर तारघर आहे का, हे विचारायला ती कप्तानाकडे गेली. त्या तारघरातून तार करून तिने रजा वाढवून घेतली, आणि बापलेक आणखी उत्तरेला गेले.